वॉर्मरच्या मागोमाग नागपूर

नागपूरहून परतले तेव्हा ऑफिसात पहिला प्रश्न आला तो संत्र्यांचा. आणली नव्हती. एप्रिलच्या शेवटी नागपुरात संत्री नसतात, आणि नागपूरकरांना याची इतकी लाज वाटते की पहिल्याच दिवशी तिघांनी माझी मनापासून माफी मागितली, जणू झाडांना सुट्टी त्यांनीच दिली होती. संत्र्याची बर्फी मिळाली, ती परतीच्या गाडीतच संपली. तेव्हा हे जे लिहिते आहे तीच तिथून आणलेली वस्तू समजा.

आता गेले कशाला होते ते सांगते. सरकार नियम करतं, आणि तो नियम कशाच्या आधारावर करावा हे आमचं पुण्यातलं ऑफिस शोधून देतं. निदान आमच्या दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. या वेळी नियम होता छोट्या खाजगी प्रसूतिगृहांसाठी. ठरावीक यंत्रं, ठरावीक रुंदीचे दरवाजे, ठरावीक सोयी असतील त्यांचा परवाना राहणार, नसतील त्यांचा जाणार. ही यादी बरोबर आहे का, ते नागपूरजवळचे तीन दवाखाने प्रत्यक्ष बघून ठरवायचं होतं. त्यासाठी चौदा पानी फॉर्म तयार होता. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. तो फॉर्म मी स्वतः केला होता, आठ महिने खपून, आणि त्याचा मला फार अभिमान होता. या वाक्यातला 'होता' मुद्दाम लिहिला आहे.

सोमवार, बेसा

मला न्यायला आले ते मनोहरभाऊ. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहतात, भाड्याची गाडी चालवतात, आणि बोलायला कुणी नसलं तर रस्त्याशी बोलतात. गाडीत बसताच त्यांनी माझ्या हातात एक कांदा ठेवला. तो उन्हासाठी होता, पर्समध्ये ठेवायचा. मी मूळची चिपळूणची, उकाडा मला नवा नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गाडी सुरू केली. सकाळी दहाला गाडीतून उतरले तेव्हा समजलं की चिपळूणला असतो तो उकाडा, आणि हे दुसरंच काहीतरी आहे. कांदा मी पर्समध्ये नीट खाली सरकवला.

आधी तर्री पोहे झाले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालतात. इथे त्यांच्यावर चण्याची लालभडक तर्री ओततात आणि मग खाणाऱ्याचा चेहरा बघत उभे राहतात. मी चेहरा शक्य तेवढा सरकारी ठेवला. डोळ्यांतलं पाणी उन्हाच्या नावावर खपवलं.

जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातले गावंडे साहेब माझी व्यवस्था बघत होते. मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की भेटी अचानक असतील. गावंडे साहेबांनी तिन्ही दवाखान्यांना फोन करून अचानक भेटीची तारीख आणि वेळ कळवून ठेवली होती. मी थोडी चिडले. त्यांना माझं चिडणंच कळेना. कुणाच्या दारी न सांगता जायचं कसं, त्यांच्याकडे नेमकं काही खायला नसलं तर त्यांना किती वाईट वाटेल, असं त्यांनी मला शांतपणे विचारलं. चिपळूणला पाहुणा आला की 'कधी आलात' आणि 'कधी निघणार' हे आम्ही एका दमात विचारतो. त्यामुळे मी पहिल्या दवाखान्याचा पत्ता विचारला.

बेसा हे दक्षिणेकडचं नवं उपनगर. काल शेत होतं तिथे आज सात मजली इमारत आणि तिच्या खाली मोबाइलचं दुकान. तिथलं प्रसूतिगृह चकाचक होतं. काचेचं दार, माशांची टाकी, हवेत मंद सुगंध, आणि त्या सुगंधात माझ्या पर्समधून येणारा कांद्याचा वास. तरुण डॉक्टर जोडप्याने तो अजिबात येत नसल्यासारखं वागून दाखवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

लेबर रूममध्ये नवजात बाळाला ऊब देणारं वॉर्मर होतं. त्याच्या उजव्या पायावर कुणा मुलाने सूर्यफुलाचं स्टिकर चिकटवलं होतं. मी 'होय'वर खूण केली. हात धुवायचं बेसिन आहे का? होतं. त्यात मनीप्लांटची बरणी ठेवली होती, पण फॉर्ममध्ये मनीप्लांटबद्दल प्रश्न नव्हता, तेव्हा तेही होय. प्रसूतीचं रजिस्टर? होतं, स्वच्छ अक्षरातलं. प्रत्येक ओळीला आई सुखरूप, बाळ सुखरूप. वर्षभरात कुणाला काही म्हणून झालं नव्हतं, त्याचाही एक 'होय' होता. बेसाला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले आणि मी खूश होऊन निघाले.

मंगळवार, कोराडी

कोराडीच्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग असते, आणि झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर. मनोहरभाऊ आपल्या गावाची ही राख अशा आपुलकीने दाखवत होते की मीही तिचं कौतुक केलं. चष्मा पुसला आणि पुन्हा कौतुक केलं.

इथला दवाखाना जुना, डॉक्टरही जुने, हसरे. त्यांच्या घरी जेवण ठरलेलं होतं, हे अर्थात गावंडे साहेबांचं काम. पाटवडी रस्सा होता. वड्या इतक्या सुरेख की मी तीन घेतल्या, आणि रश्श्याने तिसरीनंतर मला गाठलं. डॉक्टरांच्या पत्नीने न विचारता ताकाचा तांब्या पुढे केला. बाहेरगावच्या माणसासाठी तो बहुधा तयारच ठेवलेला असतो.

जेवणानंतर लेबर रूम. वॉर्मर होतं. उजव्या पायावर सूर्यफूल होतं. चाकात झेंडूची एक पाकळी अडकली होती.

इथे माझ्या हुशारीचा नमुना सांगायला हवा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की दोन्ही दवाखान्यांना एकाच कंपनीने माल पुरवलेला दिसतो आणि सूर्यफूल हे तिचं चिन्ह असावं. मी फॉर्मच्या समासात तशी टीपही लिहिली. 'होय'वर खूण केली. परत येताना सहज म्हणून मनोहरभाऊंना सूर्यफुलाबद्दल सांगितलं.

ते म्हणाले, "मॅडम, ते मशीन तं सकाळी आपल्याच पुढं चालून राहिलं होतं. बिछायतीच्या टेम्पोत. मीच तं त्याले साइड देल्ली."

बिछायत केंद्र म्हणजे लग्नाच्या गाद्या, खुर्च्या, पातेली भाड्याने देणारं दुकान. दवाखान्याचं वॉर्मर लग्नाच्या सामानातून माझ्या आधी जागेवर पोहोचत होतं आणि मी मागून जाऊन त्याला होय म्हणत होते. मला हसू आलं. मनोहरभाऊही हसले. मग मी मांडीवरचे दोन फॉर्म बघितले आणि माझं हसू थांबलं. हे कागद पुण्याला गेले असते, त्यांची बेरीज झाली असती, आलेख निघाला असता, आणि त्या आलेखाच्या जोरावर कुणाचं तरी दार बंद झालं असतं. उरलेला रस्ता मी राख बघत बसले.

बुधवार, बुटीबोरी

बुटीबोरीला सगळे कारखाने. सूतगिरण्या, कापडाच्या गिरण्या, आणि त्यांच्यात राबणारे दूरदूरच्या राज्यांतले कामगार, त्यांच्या बायका, त्यांच्या पत्र्याच्या खोल्या. या खोल्यांच्या अलीकडे डॉ. लता काळबांडे यांचं चार खाटांचं प्रसूतिगृह आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दारातल्या कडुनिंबाखाली बिछायतीचा टेम्पो उभा होता, आणि त्यात उलट्या खुर्च्यांच्या मध्ये आपलं सूर्यफूल.

पायरीवर साठीच्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. टेम्पोवाला त्यांना काहीतरी समजावत होता. मला बघून तो गप्प झाला. बाई गप्प झाल्या नाहीत.

"वापस पाठवून राहिली मी त्याले," त्या मला म्हणाल्या. "मशीन पायजेच. पन उसनं नको. माह्याकडे नाही तं नाही लिहा."

त्यांचं स्वतःचं वॉर्मर बिघडून दुरुस्तीला गेलं होतं. ते येईपर्यंत बाळाला आईच्या छातीवर उघडं ठेवून वरून पांघरूण घालायचं आणि दर पंधरा मिनिटांनी अंगाचं तापमान लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी 'नाही'वर खूण केली. दरवाजा मोजला, चार बोटं कमी भरला. नाही. स्वतंत्र प्रतीक्षागृह? कडुनिंबाला प्रतीक्षागृह म्हणता येत नाही. नाही. बेसिन मात्र होतं, आणि ते असं बसवलं होतं की त्याला वळसा घातल्याशिवाय लेबर रूममध्ये जाताच येऊ नये. माझ्या फॉर्ममध्ये त्याला आणि मनीप्लांटवाल्या बेसिनला सारखेच गुण होते.

मग रजिस्टर मागितलं. दवाखान्याच्या नर्स, शोभाताई, यांनी एक लांबट वही आणून दिली. प्रत्येक बाळंतपणाला एक पान. कळा वाढल्या कधी, बाळ कधी आलं, रक्त जास्त गेलं का, इंजेक्शन कधी दिलं, मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली कधी आणि आली कधी. जिथे काही बिघडलं होतं तिथे पानाच्या खाली तांबड्या शाईत एक ओळ होती. दर शनिवारी दोघी ती पानं घेऊन बसतात आणि एक गोष्ट बदलतात, फक्त एक. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन पूर्वी केबिनमधल्या फ्रिजमध्ये असायचं, आणि आणायला वेळ जातो असं वहीत दिसलं. आता फ्रिजच लेबर रूमच्या दारात आहे.

डॉक्टरबाईंनी एक जुनं पान स्वतः उघडून दाखवलं. एक बाळ जन्मल्यावर रडलं नव्हतं. श्वास द्यायची पिशवी वरच्या कपाटात होती, ती सापडेपर्यंत उशीर झाला. बाळ गेलं. खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं: पिशवी टेबलाच्या उजव्या हाताला, खिळ्याला. मी मान वर केली. टेबलाच्या उजव्या हाताला खिळ्याला पिशवी होती.

"हे पान फाडलं असतं तं तुमच्या फॉर्मात माह्ये गुण वाढले असते," त्या म्हणाल्या. "पन मग पिशवी अजून कपाटातच राह्यली असती."

मी बेरीज केली. तिघांत सगळ्यांत कमी गुण त्यांचे होते. नियम झाला असता तर पहिलं बंद झालं असतं ते हेच. मला लाज वाटली. फॉर्म मी केला होता, दुसऱ्या कुणी नाही.

खाटेवर सुनीता नावाची मुलगी होती, छत्तीसगडची, नवरा सूतगिरणीत. मी तपासणीवाली आहे हे तिला कळलं होतं. तिने हिंदीत विचारलं की हा दवाखाना बंद तर होणार नाही ना, कारण तिच्या जावेलाही श्रावणात इथेच यायचं आहे. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. हे वाक्य सरकारी माणसाला फार सहज बोलता येतं.

दुपारी तिच्या कळा वाढल्या. शोभाताईंचे दोन्ही हात गुंतलेले, डॉक्टरबाई खाली वाकलेल्या. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "ताई, वही घ्या. मी सांगते तवा टाइम लिहा." मी वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासले आहेत. स्वतः एक लिहायची ही पहिलीच वेळ. बाळ आलं, लिहिलं. आईच्या छातीवर ठेवलं, रडलं. मग रक्त जास्त जाऊ लागलं, शोभाताईंनी एक पाऊल मागे सरकून फ्रिज उघडला, इंजेक्शन दिलं, तेही लिहिलं. काही वेळाने रक्त थांबलं. सुनीता डोळे मिटून पडली होती, चेहरा पांढरा पण श्वास नीट. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला खरंच फार भीती वाटली होती.

चहा घेताना शोभाताई माझं पान वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या. पानावर बाळाचा जन्म दोन वीसला होता आणि नंतर दिलेलं इंजेक्शन दोन अठराला. मी घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे ठेवते, पुण्यात सगळीकडे वेळेत पोहोचायची सवय म्हणून. पहिली वेळ मनगटावर बघून लिहिली होती आणि दुसरी घाबरून भिंतीवर बघून. आठ महिने खपून फॉर्म केलेल्या बाईच्या हातची ही नोंद. शोभाताईंनी चूक आडव्या रेघेने खोडून शेजारी खरी वेळ लिहायला सांगितली, खाली माझी सही घेतली, आणि तांबडं पेन पुढे केलं. मी ओळ लिहिली: लिहिणाऱ्याने भिंतीवरचंच घड्याळ बघावं.

गुरुवार, पुन्हा शहर

गावंडे साहेबांना टेम्पोबद्दल सांगणं जड गेलं. तीन दिवस या माणसाने मला काय काय खाऊ घातलं होतं. त्यांनी कपातला चहा संपवला, मग सगळं सांगितलं. मागे एकदा बाहेरून तपासणी आली तेव्हा एका दवाखान्याचं वॉर्मर नेमकं दुरुस्तीला गेलेलं होतं. त्या एका 'नाही'वर दवाखाना बंद झाला आणि पुन्हा उघडला नाही. तेव्हापासून कोराडीच्या डॉक्टरांचं वॉर्मर तपासणीच्या दिवशी सगळ्यांकडे जातं. भाडंही कुणी घेत नाही, टेम्पोवाला लग्नांच्या फेऱ्यांतच ते बसवतो. हे सगळे एकमेकांचे स्पर्धक, आणि तरी एकाला दुसऱ्याचं दार बंद झालेलं बघवत नाही.

मी विचारलं, हे मी लिहू का? त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला.

"लिहा," ते म्हणाले. "फक्त काहून फिरवतो, तेही लिहा."

निघताना त्यांनी बर्फीचा डबा दिला आणि संत्र्यांची माफी चौथ्यांदा मागितली.

पुणे

बैठकीत मी तिन्ही फॉर्म टेबलावर ठेवले आणि दोन फॉर्मांतलं वॉर्मर एकच असल्याचं सांगितलं. झेंडूच्या पाकळीपर्यंत सांगितलं. लोक हसले. मग वहीबद्दल सांगितलं, त्यावर आमचे साहेब म्हणाले की एका डॉक्टरबाईंची वही हा किस्सा झाला, पुरावा नव्हे. मला रागावताही येईना, कारण हेच वाक्य मी इतरांना वीस वर्षं ऐकवत आले आहे. तेव्हा मी म्हटलं, मग पुरावा गोळा करू. माझा फॉर्म बाजूला ठेवा, वर्षभर सगळ्या छोट्या प्रसूतिगृहांना अशी वही ठेवू द्या, आणि कुठल्या सोयीमुळे बाया आणि बाळं वाचतात ते त्या वह्यांतून बघून मग नियम करा. तोवर कुणाचा परवाना काढू नका. दोन तास वाद झाला. आठ महिन्यांच्या फॉर्मच्या विरोधात सगळ्यांत जास्त मी बोलले. शेवटी वर्ष मिळालं. बुटीबोरीचा परवानाही वर्षाने वाढला.

मी आनंदाने डॉक्टरबाईंना फोन केला. सुनीता आणि बाळ ठीक होते. बातमी ऐकून त्या खूश होतील असं वाटलं होतं.

त्या म्हणाल्या, "ताई, आता सगळे खरं लिहितीन, तं पयले सहा महिने सगळ्याइचे आकडे खराब येतीन. तवा तुमचे साहेब घाबरतीन, अन् म्हनतीन का वहीनंच बिघडलं. मंग पयले मलेच बंद करतीन. त्याइले आधीच सांगून ठेवा."

हे मला सुचायला हवं होतं. माझा तो व्यवसाय आहे. बेसाच्या स्वच्छ रजिस्टरमध्ये पहिलं खरं पान लिहिलं जाईल त्या दिवशी बेसा कागदावर वाईट दिसणार, आणि कागद बघून निर्णय घेणारे आम्ही इथे पुण्यात बसलेले. वर्ष मिळालं होतं ते काही पक्कं नव्हतं.

अहवालाचं शेवटचं पान त्याच दुपारी लिहायला घेतलं. 'प्रारंभिक कालावधीत प्रतिकूल घटनांच्या नोंदींत वाढ संभवते' असं एकदा लिहिलं. पुन्हा वाचलं तर मलाच झोप आली. दोनदा बदललं, आणखी बिघडलं. असलं वाक्य कुणी वाचत नाही, आणि हे तर वाचलं जायलाच हवं होतं. मग मी डॉक्टरबाईंचं वाक्य जसं ऐकलं तसं, साहेबांच्या घाबरण्यासकट, उतरवलं आणि खाली सही केली.

साहेबांनी त्याच्याभोवती गोल काढून पान परत पाठवलं आहे. शेजारी शेरा आहे, 'भाषा सुधारावी'. मी सुधारलेली नाही. आज ते पान तसंच दुसऱ्यांदा वर पाठवलं.